नकाशात बेडरूम १० फूट, जागेवर साडेनऊ! घराच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये नेमकं चुकतं काय?

जागेवर फक्की पडते. गवंडी टेप धरतो. नकाशात बेडरूम १० फूट रुंद आहे, पण दोन्ही भिंती आखून झाल्यावर आत उरतात साडेनऊ फूट.

नकाशा काढणारा फोनवर म्हणतो, "कॉम्प्युटरवर तर बरोबर आहे." गवंडी म्हणतो, "टेप खोटं बोलत नाही." आणि दोघांच्या मध्ये उभा असतो घरमालक, ज्याने याच घरासाठी कर्ज काढलेलं असतं.

संगमनेरमध्ये घर बांधलेल्या कुणालाही हा प्रसंग फार अनोळखी वाटणार नाही. प्रवरा आणि म्हाळुंगीच्या काठचं हे गाव आता जुन्या पेठांच्या बाहेर, घुलेवाडी-गुंजाळवाडीकडे पसरलंय. १९८३ पासून इथे अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. घराचा नकाशा आता ट्रेसिंग पेपरवर नाही, तर ऑटोकॅड किंवा स्केचअपमध्ये तयार होतो आणि पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतो.

ऑटोकॅड पहिल्यांदा बाजारात आलं डिसेंबर १९८२ मध्ये. म्हणजे हे तंत्र ४० वर्षांहून जुनं आहे. मग इतक्या मुरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा फूट हरवतो कसा?

उत्तर सोपं आहे. सॉफ्टवेअर अडलं की दोन प्रकारचे उपाय असतात. एक उपाय नकाशा दुरुस्त करतो. दुसरा फक्त नकाशाचं दिसणं दुरुस्त करतो. घाईत दुसरा उपाय केला जातो आणि त्याचं बिल जागेवर फाटतं.

अशा नेहमीच्या अडचणी कोणत्या आणि त्यांवरचा खरा उपाय कोणता, ते एकेक करून पाहू.

१. आकडा बदलला, भिंत तिथेच

ड्रॉइंगमध्ये भिंतींमधलं अंतर दाखवणाऱ्या आकड्याला डिमेन्शन म्हणतात. हा आकडा सॉफ्टवेअर स्वतः मोजून लिहितं. पण त्यावर क्लिक करून हाताने दुसरा आकडाही टाइप करता येतो.

मालक म्हणतो, "बेडरूम १० फूट करा." भिंत सरकवायची तर शेजारचं किचन, दरवाजा, जिना असं सगळंच हलवावं लागतं. त्यापेक्षा साडेनऊच्या जागी १० टाइप करणं सोपं. स्क्रीनवर सगळे खूश. भिंत मात्र इंचभरही हललेली नसते.

खरा उपाय: डिमेन्शन निवडून प्रॉपर्टीजमधला 'टेक्स्ट ओव्हरराइड' हा रकाना बघायचा. तिथे आकडा लिहिलेला असेल, तर तो हाताने घातलेला आहे. रकाना रिकामा केला की खरं माप परत दिसतं. मग भिंत सरकवायची, आकडा आपोआप बदलतो. भिंत सरकवूनही आकडा बदलला नाही, तर डिमेन्शन भिंतीपासून सुटलेलं आहे. ते पुसून नव्याने घ्यावं.

२. '१०.१०' म्हणजे किती?

आपल्याकडे १० फूट १० इंच हे माप अनेकदा '१०.१०' असं लिहिलं जातं. गवंड्याला ते कळतं, मालकालाही कळतं. सॉफ्टवेअरला मात्र कळत नाही.

युनिट दशांश फुटांत असेल, तर सॉफ्टवेअर १०.१० म्हणजे १०.१ फूट समजतं. हे होतात १० फूट १.२ इंच. फरक ८.८ इंचांचा, म्हणजे जवळपास एका नऊ इंची भिंतीएवढा!

उलटही घडतं. नकाशावर छापलेलं '१०.५' म्हणजे साडेदहा फूट, अर्थात १० फूट ६ इंच. पण जागेवर ते १० फूट ५ इंच असं वाचलं जातं.

खरा उपाय: युनिट्स सेटिंगमध्ये 'आर्किटेक्चरल' प्रकार निवडायचा, म्हणजे फूट आणि इंच वेगवेगळे दिसतात. मापं मीटरमध्ये असतील, तर संपूर्ण नकाशा मीटरमध्येच ठेवायचा. एकाच कागदावर दोन पद्धती नकोत.

३. ७५ फुटांचा दरवाजा

दरवाजे, खिडक्या, कमोड, सोफे यांची तयार चित्रं, म्हणजे ब्लॉक, इंटरनेटवर मिळतात. ते उतरवून आपल्या नकाशात टाकले की कधी दरवाजा अख्ख्या प्लॉटपेक्षा मोठा दिसतो, तर कधी शोधूनही सापडत नाही.

कारण आहे एकक. दरवाजा ९०० मिलिमीटरचा काढलेला असतो आणि आपला नकाशा इंचांत असतो. सॉफ्टवेअर ९०० हा आकडा तसाच उचलतं आणि ९०० इंच, म्हणजे ७५ फुटांचा दरवाजा उभा करतं. उलट बाजूने ३६ इंचांचा दरवाजा मिलिमीटरच्या नकाशात आला, तर तो ३६ मिलिमीटरचा होतो. काडेपेटीपेक्षाही लहान.

इथे चुकीचा उपाय म्हणजे माउसने ओढत ओढत 'बरोबर दिसेपर्यंत' तो लहान करणं. मग दरवाजा तीन फुटांऐवजी दोन फूट सव्वाअकरा इंचांचा होतो. त्या मापाची चौकट सुताराकडे गेली, की पुढचं सांगायला नको.

खरा उपाय: एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्यामुळे ब्लॉक नेमका २५.४ पट मोठा किंवा लहान करायचा. त्याहून चांगलं म्हणजे नकाशा आणि ब्लॉक या दोन्ही फाइलींचं एकक आधी ठरवून घ्यायचं. मग सॉफ्टवेअर हे रूपांतर स्वतः करतं.

४. बंद दिसणारी, पण उघडी रेष

खोलीत रंग किंवा फरशीची जाळी भरायला गेलं की सॉफ्टवेअर म्हणतं, सीमा बंद नाही. डोळ्यांना तर चारही कोपरे जुळलेले दिसतात. झूम करत गेलं की कळतं, एका कोपऱ्यात केसाएवढी फट आहे. स्केचअपमध्ये चार रेषा काढूनही पृष्ठभाग तयार होत नाही, त्याचंही एक नेहमीचं कारण हेच.

यावर पळवाट आहे. 'गॅप टॉलरन्स' वाढवला की सॉफ्टवेअर छोट्या फटींकडे दुर्लक्ष करून रंग भरतं. चित्र छान दिसतं, फट तशीच राहते.

ही फट पुढे महागात पडू शकते. बांधकाम परवानगीसाठी नकाशा तपासणारी सॉफ्टवेअर नकाशा माणसासारखा बघत नाहीत. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्सचं 'ऑटोडीसीआर' हे त्यातलं एक परिचित नाव. अशी सॉफ्टवेअर ठरलेल्या नावाच्या लेअरवरच्या बंद आकृत्या वाचतात आणि त्यावरून क्षेत्रफळ आणि मोकळी सोडलेली जागा मोजतात. आकृती उघडी असेल किंवा चुकीच्या लेअरवर असेल, तर माणसाला नीट दिसणारा नकाशाही तपासणीत अडकू शकतो.

खरा उपाय: कोपऱ्यातल्या दोन रेषा शून्य त्रिज्येच्या 'फिलेट'ने जुळवायच्या, मग 'जॉइन'ने एकच बंद पॉलिलाइन करायची. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा 'ओव्हरकिल' कमांडने काढून टाकायच्या.

५. मोजणीचा नकाशा आणला आणि रेषा थरथरू लागल्या

आता जमिनीची मोजणी उपग्रहाच्या मदतीने होते. त्यामुळे प्लॉटच्या कोपऱ्यांना खरे भौगोलिक आकडे मिळतात. पण हे आकडे फार मोठे असतात. यूटीएम या पद्धतीत संगमनेरचं विषुववृत्तापासूनचं अंतर २१ लाख मीटरहून जास्त येतं. नकाशा मिलिमीटरमध्ये असेल, तर हाच आकडा २०० कोटींच्या पुढे जातो.

शून्यापासून इतक्या लांब चित्र काढलं की सॉफ्टवेअरची अचूकता डळमळते. रेषा थरथरतात, जाळी भरत नाही, स्केचअपमध्ये आकृतीचे तुकडे गायब होतात. अनेकांना वाटतं, कॉम्प्युटर जुना झाला.

खरा उपाय: मोजणीची मूळ फाइल हात न लावता जपून ठेवायची. तिच्या प्रतीत प्लॉटचा एक कोपरा शून्य-शून्य या बिंदूवर आणायचा आणि तो किती सरकवला, याची नोंद ठेवायची. घर तिथे काढायचं. गरज पडली तर तेवढंच परत सरकवता येतं.

६. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं

'स्वयंपाकघर' लिहून पाठवलं आणि समोरच्याच्या कॉम्प्युटरवर '????' किंवा भलतीच अक्षरं दिसली. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नसते. आणि मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल, तर तोच फॉन्ट समोरच्याकडेही लागतो.

खरा उपाय: टेक्स्ट स्टाइलमध्ये मंगलसारखा युनिकोड फॉन्ट ठेवायचा आणि सोबत पीडीएफ पाठवायची. पीडीएफमध्ये फॉन्ट सामावलेला असेल, तर अक्षरं बदलत नाहीत.

७. लाइट गेली, फाइल उघडेना

हा अनुभव तर सगळ्यांचाच. दोन तासांचं काम, लाइट गेली आणि फाइल उघडताना चुकीचा संदेश.

घाबरून लगेच नव्याने काढायला बसू नये. ऑटोकॅड मूळ फाइलशेजारी 'बॅक' नावाची फाइल ठेवतं. ती आधीच्या सेव्हची प्रत असते. तिचं शेपूट बदलून 'डीडब्ल्यूजी' केलं की ती उघडते. शिवाय मूळ सेटिंगमध्ये दर १० मिनिटांनी ऑटोसेव्ह होत असतो. बिघडलेल्या फाइलवर 'रिकव्हर' आणि नंतर 'ऑडिट' चालवून बघता येतं.

समोरच्याकडे जुनी आवृत्ती असेल, तर नवी फाइल उघडत नाही. तेव्हा 'सेव्ह ॲज'मधून जुन्या स्वरूपात जतन करून पाठवायची.

८. झेरॉक्सच्या दुकानातला घोळ

नकाशा अगदी बिनचूक असला, तरी एक चूक शेवटच्या पायरीवर होते. व्हॉट्सॲपवर आलेली ए-३ आकाराची पीडीएफ दुकानात ए-४ कागदावर 'फिट टू पेज' करून छापली जाते. चित्र आकसून सुमारे ७१ टक्के होतं. नकाशावर मात्र '१:१००' तसंच छापलेलं असतं.

त्या कागदावर पट्टी ठेवून माप काढलं, तर १० फुटांची खोली सुमारे ७ फूट १ इंचाची भरते.

खरा उपाय: छापील कागदावर पट्टी ठेवून माप कधीच काढू नये, लिहिलेला आकडाच वाचावा. छापताना 'ॲक्च्युअल साइज' निवडावी. नकाशात एक आखीव मोजपट्टीही काढून ठेवावी. कागद आकसला तर तीही त्याच प्रमाणात आकसते, त्यामुळे फसवत नाही. आणि नकाशा फोटो म्हणून नाही, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोटोत बारीक आकडे पुसट होतात.

हे आता जास्त महत्त्वाचं का?

राज्य सरकारने २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, मंजूर केली. मुंबई आणि काही मोजके अपवाद वगळता ती राज्यभर लागू आहे.

या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावरचं कमी जोखमीचं घर असेल, तर प्रक्रिया सोपी केली आहे. नियमांत बसणारा नकाशा आणि कागदपत्रं सादर करून शुल्क भरलं, की ती पावतीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे.

सामान्य माणसाच्या हेलपाट्यांच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की, लहान घराच्या नकाशाची जबाबदारी आता मुख्यतः तो काढणाऱ्यावर आणि मालकावर आहे. एक-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर तर दोन्ही बाजूंना इंच इंच मोजूनच घर बसवावं लागतं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यात अर्धा फूट चुकला, तर तो घ्यायचा कुठून? एक तर खोलीतून, नाहीतर शेजारच्या हद्दीलगतच्या मोकळ्या जागेतून. पहिल्यात घर अडचणीचं होतं, दुसऱ्यात भांडण आणि नोटीस.

सॉफ्टवेअर येत नसेल तर मालकाने काय तपासायचं?

यासाठी ऑटोकॅड शिकायची गरज नाही. साधी बेरीज पुरेशी आहे.

समजा, घराची बाहेरून रुंदी ३० फूट आहे. बाहेरच्या दोन नऊ इंची भिंती म्हणजे दीड फूट. मधली एक साडेचार इंची भिंत. हे वजा केल्यावर आत उरतात २८ फूट दीड इंच. नकाशात दोन खोल्या १४ फूट आणि १४ फूट दीड इंच असतील, तर हिशेब जुळला. पण त्या १४ फूट ६ इंच आणि १४ फूट दीड इंच लिहिल्या असतील, तर ६ इंच हवेतून आले आहेत. कुठेतरी आकडा हाताने बदललेला आहे.

ही बेरीज लांबीला एकदा, रुंदीला एकदा आणि प्रत्येक मजल्यावर करायची. अर्धा इंच इकडेतिकडे झाला, तर तो आकडे पूर्णांकात आणल्याचा फरक असू शकतो. सहा इंच नाही.

नकाशा काढणाऱ्याला दोन प्रश्नही बिनधास्त विचारा. "यात एखादं माप हाताने टाइप केलंय का?" आणि "प्लॉटची मापं मोजणीच्या नकाशावरून घेतलीत की तोंडी?" चांगल्या इंजिनिअरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि हे सगळं फक्की पडायच्या आधी करा. स्क्रीनवर भिंत सरकवायला दोन मिनिटं लागतात. जोतं भरल्यावर तीच भिंत सरकवायची, तर आधी ब्रेकर लावावा लागतो.