शिवथरच्या चढावर अर्धशक्तीची परीक्षा
शिवथरघळीच्या पायऱ्या चढणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे दिसतात. भातखाचरांत राबलेला गावकरी क्षणभर थांबतो आणि दोन शब्द बोलेपर्यंत त्याचा श्वास जागेवर येतो. मुंबईहून सुट्टीस आलेला त्याचा भाऊबंद मात्र बराच वेळ धापा टाकत राहतो. चढ दोघांनाही सारखाच; अंतर दिसते ते थांबल्यानंतर. आमच्या मते वैद्याने पाहावयाचे ते येथेच.

श्रम वाढला की अनुकंपी चेतासंस्था हृदयाची गती व आकुंचनाचा जोर वाढविते. दमश्वासाचा सराव असलेल्याचे तेच काम कमी उत्तेजनात होते. मात्र व्यायामाने विश्रांतीतील अनुकंपी क्रिया सर्वांचीच सारखी उतरते, असे नव्हे. निरोगी तरुणांत फरक अल्प असतो. उच्च रक्तदाब व हृदयदौर्बल्याच्या रुग्णांत तो चेतातंतूंच्या प्रत्यक्ष मापनात आढळला आहे. थांबताच नाडी उतरते त्याचे पहिले श्रेय तर परानुकंपी चेतासंस्थेचे. अनुकंपी जोर त्यामागून ओसरतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, श्रमचाचणीनंतर हलके चालताना पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरलेल्यांत पुढील सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले.

वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसही शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीच व्यायाम सांगितला, इतर ऋतूंत त्याहून मंद. सुश्रुतांनी बलार्धाची खूण दिली ती हृदयस्थ वायू मुखाशी येण्याची, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागण्याची. घड्याळाविना घेता येणारे हे माप आजही रुग्णास समजते.

आता सर्पगंधेविषयी, कारण नाडी येथेच फसविते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. तिच्यातील रेसर्पिन अनुकंपी तंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिता करते. अशा रुग्णाची मंद नाडी ही दमदारपणाची खूण नव्हे. बीटा-रोधक गोळ्या घेणाऱ्याचीही नव्हे. नाडी संथ म्हणून त्याला एकदम घाटाचा चढ सांगणे धोक्याचे. सपाटीवर, बोलता येईल इतक्या गतीने आरंभ करावा. छातीत दुखत असल्यास आधी हृदयतपासणी.

सोमकल्पाचे कार्य याच्या उलट. त्यातील एफेड्रिन अनुकंपी उत्तेजन वाढविते. दम्यासाठी ते मागणाऱ्यास रक्तदाब आहे काय, हे औषधी दुकानदाराने पुडी बांधण्यापूर्वी विचारावे, आणि असल्यास वैद्याकडे परत पाठवावे.