‘वेलस्ली’: मुंबईच्या गोदीतील एका लढाऊ जहाजाच्या सेवावृत्तान्ताचे संपादन

जुन्या युद्धनौकेचा सेवावृत्तान्त, म्हणजे जलावतरणापासून मोडीत निघेपर्यंत तिने कोणत्या आरमारासाठी, कोठे आणि कोणते काम केले याची नोंद, शंभर-सव्वाशे शब्दांत आटोपण्याची रीत संग्रहालयांतील फलकांनी आणि कोशांनी रूढ केली आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘वेलस्ली’ या जहाजाचा असा सारांश सहसा पाच गोष्टी सांगतो: ७४ तोफा, १८१५ चे जलावतरण, १८३९ मध्ये कराचीचा ताबा, चीनशी झालेल्या पहिल्या अफू युद्धातील सहभाग आणि १९४० मध्ये जर्मन विमानांच्या हल्ल्यात झालेला अंत. यांपैकी एकही विधान खोटे नाही. तरीही ती या क्रमाने आणि एवढ्याच विस्ताराने ठेवली, तर जहाज कोणी व कशाचे बांधले, ते कोणाविरुद्ध वापरले गेले आणि बुडाले तेव्हा ते नेमके काय होते, हे वाचकाला कळत नाही.

आरंभ नावापासून करावा लागतो. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याचे नाव जहाजाला दिले गेले आणि त्या नावाचा दबदबा मराठ्यांशी झालेल्या युद्धातून उभा राहिला होता. १८०३ च्या मार्चमध्ये कर्नल स्टीव्हन्सन हैदराबादची तैनाती फौज, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेली कंपनीची पलटणे, घेऊन निजामी मुलखाच्या पश्चिम सीमेवरील परंड्यास पोचला होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हे ठाणे पुण्यावर नजर ठेवण्यास सोयीचे होते आणि वेलस्लीच्या त्या मोहिमेची एक बाजू तेथून उघडली. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला वेलस्ली आणि मराठे यांच्यात असईची लढाई झाली. त्यानंतर बारा वर्षांच्या आत, २४ फेब्रुवारी १८१५ रोजी, त्याच माणसाच्या नावाचे जहाज मुंबईच्या पाण्यात उतरले, आणि ते बांधणारे हात मात्र सगळे येथलेच होते.

बांधणीचे प्रमुख जमशेदजी बमनजी वाडिया होते. त्यांचे घराणे सुतारकामासाठी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजींचे. १८१० मध्ये जमशेदजींनी ७४ तोफांचे ‘मिंडेन’ पाण्यात सोडल्यावर ब्रिटिश आरमाराने मुंबईकडे मोठ्या जहाजांची कामे सोपवली. त्या काळी तोफांच्या संख्येवरून जहाजांचे सहा वर्ग होत आणि ७४ तोफांचे जहाज तिसऱ्या वर्गात बसे. शत्रूसमोर एकामागे एक रांग धरून बाजूच्या तोफांचा मारा करणारी म्हणून अशा जहाजांना ‘रांगेतील जहाजे’ म्हणत. मुंबईचे वैशिष्ट्य सागवानाचे होते, कारण इंग्लंडातील ओकच्या मानाने ते लवकर कुजत नसे. सव्वाशे वर्षे तरंगत राहिलेल्या जहाजाच्या सारांशात लाकडाचा उल्लेख नसावा, हे चमत्कारिक आहे. जहाजाचे मूळ आराखडे ‘जावा’ या जहाजावरून मुंबईस येत होते, ते २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ जिंकल्याने गेले, आणि मग नुकत्याच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या नमुन्यावर काम उरकावे लागले.

‘कराची काबीज केली’ हे वाक्य सर्वांत अधिक दुरुस्ती मागते. फेब्रुवारी १८३९ मध्ये अफगाण मोहिमेसाठी बंदर हवे म्हणून ‘वेलस्ली’ कराचीच्या मनोरा किल्ल्यासमोर उभे राहिले, त्याच्या तोफांनी तटबंदी थोड्या वेळात ढासळली आणि आत मूठभर माणसे सापडली. सिंधच्या तालपूर मीरांच्या या ठाण्यावरील कारवाईला लढाई म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, म्हणून तेथे ‘तोफा डागून ताब्यात घेतले’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक. या वेळी जहाजावर असलेला रिअर अ‍ॅडमिरल फ्रेडरिक मेटलंड हा १८१५ मध्ये ‘बेलेरोफॉन’वर नेपोलियनची शरणागती स्वीकारणारा कप्तान, तो ३० नोव्हेंबर १८३९ रोजी याच जहाजावर मुंबईनजीक वारला. चीनमधील कामगिरीचा निवाडाही तारतम्याने करावा लागतो, कारण ५ जुलै १८४० रोजी चूशान बेटावरील मारा काही मिनिटांत परिणामकारक ठरला, तर पुढच्या वर्षी शियामेनच्या ग्रॅनाइटी तटावर ‘वेलस्ली’ आणि ‘ब्लेनहाइम’ यांच्या तोफांचा फारसा परिणाम झाला नाही. नानकिंगचा तह मात्र २९ ऑगस्ट १८४२ रोजी ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. दोन्ही जहाजे मुंबईची आणि एकाच नमुन्याची असल्याने हा मान चुकून ‘वेलस्ली’च्या पदरी टाकला जाण्याचा संभव राहतो.

खरा घोटाळा १८६८ मध्ये होतो. लंडनच्या एका संस्थेने न्यायालयाने पाठवलेल्या मुलांसाठी टेम्स नदीत चालवलेली तरती सुधारशाळा १८१२ च्या ‘कॉर्नवॉल’ या जहाजावर होती. ते जुने झाल्यावर त्याच्या जागी मुंबईचे ‘वेलस्ली’ आले, पण शाळेचे नाव टिकावे म्हणून त्याचे ‘कॉर्नवॉल’ झाले, आणि उत्तरेकडील टाइन नदीवर गेलेल्या जुन्या ‘कॉर्नवॉल’ला ‘वेलस्ली’ नाव मिळाले. तेही मोडीत निघाल्यावर तिसऱ्याच एका जहाजाला, ‘बॉस्कोवेन’ला, हे नाव दिले गेले आणि ते १९१४ मध्ये जळाले. म्हणजे १८६८ नंतर केवळ नावाचा माग काढणारा संपादक मुंबईच्या जहाजाला टाइन नदीवर जाळून टाकील. त्यामुळे ‘१८६८ मध्ये नाव बदलले’ हा भाग कितीही आखूड सारांशातून गाळता येत नाही. इतर कोणताही तपशील कापला तरी चालेल.

अंताच्या बाबतीत विशेषणे सांभाळावी लागतात. २४ सप्टेंबर १९४० रोजी ग्रेव्हझेंडजवळ बॉम्बहल्ल्यात बुडालेले हे जहाज शत्रूच्या कारवाईत बुडालेले शेवटचे ब्रिटिश ‘रांगेतील जहाज’ मानले जाते. परंतु ‘शेवटची लाकडी युद्धनौका’ असे सुटसुटीत केले की विधान कोसळते, आणि त्या दिवशी ते युद्धनौका नव्हे तर शाळेचे जहाज होते, हेही हरवते. १९४८ मध्ये सांगाडा काढून मोडण्यात आला, काही लाकूड लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीस गेले आणि नाळेवरचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, लाकडी पुतळा चॅथमच्या गोदीत राहिला.

शंभर शब्दांची मर्यादा पाळायची, तर वाडिया, सागवान, मनोरा, चूशान, १८६८ चे नामांतर आणि १९४० एवढे राखून मेटलंड, ‘जावा’ आणि न्यायालयाचे लाकूड वगळणे भाग पडते. परंडाही त्यात मावत नाही, आणि त्याची जागा जहाजाच्या फलकावर नसून परंडा किल्ल्याच्या माहितीत, स्टीव्हन्सनच्या छावणीच्या नोंदीशेजारी आहे.