ट्रॉलीचा दिवा आणि फ्यूजची तार

ट्रॅक्टर कांदिवलीत बनलेला असो की आणखी कुठला, त्याचं वायरिंग कारखान्यात होतं. ट्रॉलीचं आपण गावात करून घेतो. बिघाड बहुधा तिथंच. रात्री रस्त्यात उभी, बिनदिव्याची उसाची ट्रॉली मागच्याला दिसत नाही, अन् माणूस जिवानिशी जातो.

एकच दिवा बंद असेल तर बल्ब पाहा. तो चांगला असेल तर अर्थिंगचा गंज खरवडा. ट्रॉलीचे सगळेच बंद असतील तर जोडणीची पिन आणि फ्यूज पाहा. स्विच बंद करून तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घाला. पुन्हा उडाला तर सोललेली वायर सांगाड्याला कुठं टेकते ते शोधा. हुकापाशी आधी पाहा. फ्यूजच्या जागी जाड तार मात्र घालू नका. तार जळत नाही, ट्रॅक्टर जळतो.