शब्दांची जागा

‘वाशीमच्या बालाजी मंदिराजवळ तलाव आहे.’ या वाक्यातील ‘जवळ’ हे शब्दयोगी अव्यय ‘मंदिर’ या नामानंतर जोडले आहे. इंग्रजीत त्याच अर्थाचा ‘निअर’ हा शब्द नामाच्या आधी येतो.

‘रामाने गोविंदाला पाहिले’ हे वाक्य ‘गोविंदाला रामाने पाहिले’ असे फिरविले, तरी अर्थ तोच राहतो. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कर्ता व कर्म दाखवितात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत; तेथे नामांची अदलाबदल केली, की पाहणारा गोविंदा ठरतो!

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. दोन्ही भाषांत शब्दांच्या आठ जाती मानण्याची रीत आहे. मात्र मराठी वाक्यात प्रत्यय पाहावा, इंग्रजी वाक्यात जागा पाहावी.