हिवाळ्याचा दीर्घ मुदतीचा अंदाज आणि सणासुदीतील थंडीची लाट

मार्गशीर्ष लागला की महागाव तालुक्यातील शिवारात रब्बी हंगामाची खरी लगबग सुरू होते. तुरीच्या शेंगा भरू लागतात, उशिराचे वाण अजून फुलोऱ्यात असते, हरभरा फांद्या फोडीत असतो आणि पूस व पैनगंगा या नद्यांच्या काठची केळी, हळद व ऊस पाण्याची वाट पाहत असतात. याच दिवसांत दत्तजयंतीसाठी माहूरच्या वाटेला माणसांची रीघ लागते. त्यापाठोपाठ नाताळची सुटी, नवे वर्ष व संक्रांत हे दिवस येतात. अशा वेळी ग्रामसेवकास व कृषि-कार्यकर्त्यास गावोगाव एकच प्रश्न विचारला जातो : “यंदा थंडी किती पडणार, आणि कडाका केव्हा येणार?”

हे वस्तुतः दोन प्रश्न आहेत. थंडी किती, हा संपूर्ण ऋतूचा प्रश्न होय. कडाका केव्हा, हा चार-पाच रात्रींचा प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर दीर्घ मुदतीच्या अंदाजातून काही अंशी मिळते. दुसऱ्याचे उत्तर त्यातून मिळत नाही. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे कोणी अंदाजावर विसंबून गाफील राहतो, तर कोणी एकदा फसल्यावर हवामानखात्याचे काहीच ऐकत नाही. दोन्ही रीतींनी नुकसान शेतकऱ्याचेच होते.

दीर्घ मुदतीचा अंदाज म्हणजे काय?

भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ साली झाली. पुढे १८८६ पासून पावसाळ्याचा हंगामी अंदाज नियमाने दिला जाऊ लागला. त्या काळी हिमालयावरील बर्फाच्या प्रमाणावरून हा अंदाज बांधला जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी सर गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या समुद्रांवरील वायुभाराचा व भारतीय पावसाचा संबंध शोधून या कार्यास शास्त्रीय पाया दिला. आज हे काम संगणकावर चालते. समुद्राच्या पाण्याचे तापमान, वाऱ्यांची स्थिती इत्यादी माहिती घेऊन पुढील काही महिन्यांच्या वातावरणाचे गणित मांडले जाते. हिवाळ्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांच्या तापमानाचा अंदाज हवामानखाते साधारणतः डिसेंबरच्या तोंडावर प्रसिद्ध करते.

हा अंदाज शक्य होतो याचे कारण समुद्र हळूहळू तापतो व हळूहळू निवतो. पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा थंड असले, तर ती स्थिती महिनोन्‌महिने टिकते. तिला ‘ला निना’ म्हणतात. अशा वर्षी उत्तर भारतातील हिवाळा अधिक थंड राहण्याकडे कल दिसतो. परंतु कल म्हणजे खात्री नव्हे. त्यामुळेच हंगामी अंदाज शक्यतेच्या भाषेत सांगितला जातो. ‘किमान तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता ५५ टक्के’ असे म्हटले असेल, तर सरासरीइतके किंवा त्याहून कमी राहण्याची शक्यता ४५ टक्के उरतेच. शंभरांतील पंचेचाळीस ही काही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही.

सरासरीच्या आड लपणारी थंडी

याहून महत्त्वाची गोष्ट सरासरीच्या हिशेबात आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सुमारे ९० रात्री येतात. त्यांपैकी ८५ रात्रींचे तापमान नेहमीसारखे राहिले आणि केवळ ५ रात्री ते नेहमीपेक्षा ६ अंशांनी उतरले, असे समजू. एकूण घट ३० अंशांची झाली. ती ९० रात्रींवर वाटली तर हंगामाच्या सरासरीत जेमतेम एक-तृतीयांश अंशाचा फरक पडतो. कागदावर तो हिवाळा सर्वसाधारणच ठरेल. पण त्या पाच रात्रींत फुलोऱ्यातील तुरीची फुले गळून गेलेली असतील. ‘यंदा हिवाळा सौम्य’ हा अंदाज खरा ठरूनही शेतकऱ्याचे पीक जाऊ शकते, ते असे.

सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असले, म्हणजे हवामानखाते त्यास थंडीची लाट म्हणते. घट ६.४ अंशांहून जास्त झाली तर ती तीव्र लाट होय. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला तरीही ती लाटच समजली जाते. ज्या ठिकाणी सरासरी किमान तापमान १३ अंश आहे, तेथे पारा ८.५ अंशांवर आला की लाटेची सुरुवात झाली असे समजावे.

लाट येते कशी?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वातावरणीय झंझावात पूर्वेकडे सरकत उत्तर भारतात येतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. त्यांच्यामुळे हिमालयात बर्फ पडते व मैदानात ढग येतात. झंझावात पुढे निघून गेला की आकाश निवळते आणि उत्तरेचे कोरडे, थंड वारे मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात उतरतात. पुढे वारा पडला, ढग नसले व हवा कोरडी असली, की जमिनीची दिवसभराची उष्णता रात्री विनाअडथळा आकाशात निघून जाते आणि पहाटे पारा झपाट्याने खाली येतो. कोणता झंझावात कोणत्या तारखेस येईल, हे दोन-तीन महिने आधी सांगता येत नाही. वातावरणातील लहानसहान बदल काही दिवसांतच मोठे होतात, आणि साधारणतः दहा दिवसांपलीकडे ठराविक रात्रीचे तापमान भरवशाने सांगणे कठीण होते.

दत्तजयंतीच्या पौर्णिमेस किंवा संक्रांतीस कडाका ठरलेलाच, अशी समजूत अनेक गावांत आहे. तिच्यात निरीक्षणाचा अंश आहे, कारण हे सण थंडीच्या ऐन दिवसांत येतात आणि आकाश निरभ्र असते तेव्हाच पौर्णिमेचा चंद्र उठून दिसतो. थंडी मात्र चंद्राने येत नाही, निरभ्र आकाशाने येते. २०१८ सालचे उदाहरण पाहावे. त्या वर्षी दत्तजयंती २२ डिसेंबर रोजी झाली. नागपूर येथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला तो २९ डिसेंबर रोजी, म्हणजे पौर्णिमेनंतर सात दिवसांनी, चंद्र अर्धा झालेला असताना. त्यापूर्वीचा नागपूरचा नीचांक ३.९ अंशांचा होता व तो जानेवारी १९३७ मधील होता. ८१ वर्षांचा विक्रम मोडणारी ही रात्र नाताळ व नववर्ष यांच्या मधल्या सुटीत, शनिवारी आली. यात्रा उरकली, थंडी गेली, असे समजून जे निर्धास्त झाले असतील त्यांना तिने गाठले असेल.

कोणता अंदाज कशासाठी?

अंदाज तीन प्रकारचे आहेत व प्रत्येकाचा उपयोग निराळा आहे.

१. हंगामी अंदाज, तीन महिन्यांचा : यावरून पूर्वतयारी करावी. केळीचे घड झाकण्याचे साहित्य, रोपवाटिकेसाठी आच्छादन, जनावरांसाठी गोणपाट, विहिरीतील पाण्याचा हिशेब या बाबी यात येतात. हिवाळा सौम्य राहण्याचा अंदाज असला तरी ही तयारी सोडू नये.

२. विस्तारित मुदतीचा अंदाज, चार आठवड्यांचा : हा दर गुरुवारी निघतो. कोणत्या आठवड्यात तापमान सरासरीखाली राहील, याची दिशा त्यातून कळते. ओलिताच्या पाळ्या व बाहेरगावच्या प्रवासाचा बेत यावरून ठरवावा.

३. जिल्ह्याचा अंदाज, पुढील पाच ते सात दिवसांचा : प्रत्यक्ष कृती यावरच करावी. ग्रामीण कृषि मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी दिला जातो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून विदर्भासाठी पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत इशारे दिले जातात. ‘मेघदूत’ या भ्रमणध्वनीवरील सेवेतही हा सल्ला मराठीत वाचता येतो.

पारा आणि पीक यांतील अंतर

वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. शांत व निरभ्र रात्री उघड्यावरील पानाचे तापमान त्यापेक्षा काही अंशांनी कमी असते. म्हणून अंदाजात ५ अंश सांगितले असताना खोलगट शेतातील हरभऱ्यावर दंव गोठलेले आढळू शकते. पुण्याच्या कृषि-हवामान विभागात डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३२ साली असे दाखवून दिले की उघड्या जमिनीवर रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसून तिच्या किंचित वर, साधारण वीतभर उंचीवर असते. हरभऱ्याचे शेंडे व भाजीपाल्याची रोपे नेमकी याच उंचीवर असतात.

थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्याप्रमाणे उताराने वाहते व सखल जागी साचते. महागाव तालुक्यातील जमीन टेकड्या व नाले यांनी चढउताराची झालेली आहे. त्यामुळे एकाच गावात टेकाडावरील तूर वाचते आणि नाल्याकाठची करपते. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या शिवारातील अशा थंड जागा ओळखून ठेवाव्यात आणि प्रथम लक्ष तेथे द्यावे. मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद उपयुक्त असली तरी ती त्या केंद्राच्या जागेची असते, नाल्याकाठच्या शेताची नसते. गावात एक साधा किमान-तापमापक असल्यास त्याची पहाटेची नोंद ठेवणे इष्ट होय.

पिकांची काळजी

थंडी सर्वच पिकांना वैरी नाही, हे आधी लक्षात घ्यावे. वेळेवर पेरलेल्या गव्हास डिसेंबरची थंडी मानवते व फुटवे चांगले येतात. हरभऱ्यासही सौम्य थंडी हवी असते. परंतु दिवसरात्रीचे सरासरी तापमान १५ अंशांखाली राहिल्यास फुले गळू लागतात. तूर गोठलेल्या दंवास नाजूक आहे. केळीची वाढ थंडीत मंदावते व घड नीट बाहेर पडत नाही. थंडीत लावलेल्या उसाची उगवण रेंगाळते.

लाटेचा इशारा मिळताच पुढील उपाय करावेत :

(अ) ओलीत : सायंकाळपूर्वी हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते व रात्री सावकाश सोडते. मात्र भारी काळ्या जमिनीतील हरभऱ्यास भरपूर पाणी देऊ नये. पाणी साचल्यास मुळे गुदमरतात व पीक उभळते. ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्री मिळते, त्या आठवड्यात हे काम आधीच्या दिवसांत उरकण्याचा प्रयत्न करावा. एकट्याने, उघड्या पायांनी, कडाक्याच्या रात्री ओलितास जाऊ नये. पिकापेक्षा माणसाचा जीव मोलाचा आहे.

(आ) केळी व रोपे : घड वाळलेल्या पानांनी झाकावेत. बागेच्या उत्तर बाजूस वारा अडविणारे कुंपण असावे. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, म्हणून ते पहाटे दिल्यास लाभ होतो. रोपवाटिका सायंकाळी झाकून सकाळी ऊन आल्यावर उघडावी.

(इ) शेकोट्या : ओला कचरा जाळून नुसता धूर केल्याने फारसे साधत नाही, कारण जमिनीतून निघणारी उष्णता धूर अडवू शकत नाही. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. म्हणून एक मोठी आग करण्याऐवजी बांधावर अनेक लहान शेकोट्या कराव्यात. पऱ्हाट्यांचे ढीग व सोयाबीनचे कुटार यांपासून त्या दूर असाव्यात.

(ई) जनावरे : वासरे, करडे व कोंबड्यांची पिले यांस आडोसा द्यावा. गोठ्यात कोरडे अंथरूण घालावे आणि वैरण थोडी वाढवावी.

एवढे करूनही पीक करपलेले दिसल्यास ते लगेच उपटू नये. आठ-दहा दिवस वाट पाहावी. शेंडे जळाले तरी खालून नवी फूट येण्याचा संभव असतो. नुकसान झाल्यास मात्र त्याची माहिती विनाविलंब कृषि व महसूल कार्यालयास द्यावी.

सुटीतील पहारा

लाट येते तेव्हा कचेरी बंद असू शकते आणि घरची मंडळी यात्रेस गेलेली असू शकते. अंदाज निघतो, पण तो वाचणारा गावात नसतो. यासाठी ग्रामसेवक व कृषि-कार्यकर्ते यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच गावातील दोन जाणत्या तरुणांवर जबाबदारी सोपवावी. मंगळवार व शुक्रवारचा सल्ला त्यांनी चावडीच्या फळ्यावर लिहावा आणि इशारा असल्यास दवंडी देऊन अथवा ध्वनिक्षेपकावरून तो सांगावा. माहूरला जाणाऱ्याने ओलिताचे काम शेजाऱ्यास सांगून जावे.

सायंकाळी शेतकऱ्याने स्वतःही आकाश पाहावे. दिवसभर उत्तरेचा कोरडा वारा वाहिला, सूर्य मावळताच तो पडला आणि आकाशात एकही ढग नसला, तर ती रात्र जागण्याची समजावी. हंगामाच्या अंदाजाने तयारी करावी, आठवड्याच्या अंदाजाने बेत आखावा आणि त्या रात्रीचा निर्णय आकाश व तापमापक पाहून घ्यावा. हा क्रम पाळला तर लाट टळणार नाही; पण ती आली असता शेतकरी जागा असेल व त्याची तूर वाचण्याचा संभव पुष्कळ वाढेल.