पुडी, तोळा, औंस आणि कायद्याचा काटा

"एक किलोच्या आत असेल तर काही होत नाही." हे वाक्य मी कॉलेजच्या मुलांकडून ऐकलं आहे, त्यांच्या आईवडिलांकडूनही ऐकलं आहे, आणि दर वेळी पोटात गोळा आला आहे. ते निव्वळ थाप असतं तर खोडून काढणं सोपं होतं. पण एक किलो हा आकडा कायद्यात खरोखरच आहे. फक्त त्याचा अर्थ लोक समजतात तो नाही.

अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो १९८५ चा. २००१ च्या दुरुस्तीने त्यात शिक्षा वजनाशी जोडली गेली. गांजासाठी दोन आकडे ठरले, १ किलो आणि २० किलो. पहिल्यापेक्षा कमी ते 'अल्प प्रमाण', दुसऱ्यापेक्षा जास्त ते 'व्यावसायिक प्रमाण', आणि उरलेलं सगळं मधलं. अल्प प्रमाण म्हणजे माफी नव्हे. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मधल्या टप्प्यात शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. व्यावसायिक प्रमाणात ती दहा वर्षांपासूनच सुरू होते आणि वीसपर्यंत पोचते, शिवाय किमान एक लाखाचा दंड. अमुक ग्रॅमपर्यंत मोकळीक, असं या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पाच ग्रॅमलाही गुन्हा आहेच.

"मी विकला नाही, फक्त घेतला," हा बचावही मुलं मोठ्या विश्वासाने सांगतात. कायद्याच्या त्याच वाक्यात बाळगणं, विकणं, विकत घेणं, वाहून नेणं आणि वापरणं ही क्रियापदं शेजारी शेजारी बसली आहेत. चौघांनी वर्गणी काढली आणि एकजण आणायला गेला, तर पकडला गेल्यावर सगळं वजन त्या एकाच्या खिशात निघतं. त्यातला पाव हिस्सा माझा, हे काट्याला कळत नाही. राहिला जामिनाचा प्रश्न. अल्प प्रमाण असेल तर जामीन आपसूक मिळतो असं बरेच जण धरून चालतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिलेल्या एका आदेशात या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र असल्याचं म्हटलं. अल्प प्रमाणात न्यायालय जामीन देतं, पण तो मागावा लागतो, आणि तो मिळेपर्यंतच्या रात्री मोजाव्या लागतात.

आता मापाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. गल्लीतली 'पुडी' हे वजन नाही. ती किंमत आहे. पन्नासची, शंभरची, पाचशेची पुडी असते. आत किती ग्रॅम, हे विकणाऱ्यावर, गावावर आणि त्या आठवड्यात माल किती आला यावर ठरतं. अमेरिकेतल्या बोलीतही हीच रीत आहे. तिथली 'डाइम बॅग' म्हणजे दहा डॉलरची पिशवी, 'डब' म्हणजे वीस डॉलरची. ज्याला वजन माहीत नाही त्याला आपण कायद्याच्या कोणत्या टप्प्यात उभे आहोत हेही माहीत नसतं. मापात पाप असेल तर तक्रार करायलाही कुठे जाता येत नाही.

तोळ्याची गोष्ट आणखी गंभीर आहे. चरस तोळ्यावर विकला जातो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. मेट्रिक वजनं आल्यानंतर सराफाकडे तो १० ग्रॅमचा झाला आणि आपल्या बोलण्यातही तोच बसला. चरसाचे कायद्यातले आकडे गांजाच्या मानाने फार खाली आहेत, १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प प्रमाण म्हणजे १०० ग्रॅमपेक्षा 'कमी'. त्यामुळे कुणी 'दहा तोळे' म्हणून बरोब्बर १०० ग्रॅम बाळगले तरी तो अल्प प्रमाणातून बाहेर पडला, आणि जुन्या तोळ्याने मोजलं तर ११६ ग्रॅमच्या वर गेला. तोळा कोणता धरला यावरून एक वर्षाची कमाल शिक्षा दहा वर्षांची होते असं नाही. दोन्ही तोळ्यांनी ती होतेच. गांजाचा एक किलो डोक्यात ठेवून चरसाकडे पाहणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. व्हेपच्या नळीत भरलेलं हॅश ऑइलही कायद्याच्या व्याख्येत चरसच आहे, गांजा नाही.

भांग मात्र वेगळी, आणि तिच्याबद्दलचा गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. एनडीपीएसमध्ये गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पानं वगळलेली होती, आणि आपल्या कायद्याची व्याख्या त्याला धरून आहे. म्हणून बनारसमध्ये किंवा जैसलमेरमध्ये परवान्याचं भांगेचं दुकान दिसतं. पण त्यावरून भांग सगळीकडे मोकळी असं ठरत नाही. तो विषय राज्यांचा आहे, आणि महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे. याच व्याख्येमुळे मोठ्या खटल्यांमध्ये वजनावर खरी लढाई होते. गोणीत शेंड्यांबरोबर पानं, देठ, बिया असतील आणि सगळं एकत्र तोललं असेल, तर २० किलोचा आकडा खरंच ओलांडला का, असा प्रश्न वकील विचारतात, आणि उच्च न्यायालयांनी त्यावर जामीनही दिलेले आहेत.

मिसळलेल्या पदार्थाचं काय? २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातल्या शुद्ध अमली पदार्थाचंच वजन धरायचं म्हटलं होतं. एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. भेसळीसकट सगळं वजन धरायचं, असं आता ठरलं आहे.

कायद्याचा काटा ताकद मोजत नाही, हे तर फारच थोड्यांच्या लक्षात येतं. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरणारा हायड्रोपोनिक गांजा गेल्या काही वर्षांत वारंवार पकडला जातो. तो कितीतरी कडक असतो, पण त्याला वेगळा आकडा नाही. तेच १ आणि २० किलो, वर आयातीचं स्वतंत्र कलम. शरीर मात्र ग्रॅम मोजत नाही. ते टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचे मिलिग्रॅम मोजतं. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ साली टीएचसीचं सरासरी प्रमाण सुमारे ४ टक्के होतं, २०२१ पर्यंत ते सुमारे १५ टक्क्यांवर गेलं. म्हणजे "आमच्या वेळी आम्हीही एखादा झुरका मारलाय, काही झालं नाही," असं म्हणणारा बाप ज्या ग्रॅमबद्दल बोलतो, तो ग्रॅमच आता राहिलेला नाही. खाण्यातून घेतलं तर धोका अजून वेगळा. असर जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात. काही होत नाही म्हणून दुसरा तुकडा खाल्ला जातो आणि दोन्ही एकदम चढतात. होळीला थंडाईचा दुसरा पेला मागणाऱ्यांचंही हेच होतं.

परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांना औंसाची भाषा भेटते. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. त्याचा आठवा भाग साडेतीन ग्रॅम, 'एट्थ'. पाव म्हणजे सात ग्रॅम. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढ माणसाला सार्वजनिक जागी ३० ग्रॅम सुकवलेला गांजा जवळ ठेवता येतो. तिथला कायदा रूपांतर करून देतो. अर्काचा पाव ग्रॅम हा सुकवलेल्या एका ग्रॅमच्या बरोबरीचा. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून बाहेर २५ आणि घरी ५० ग्रॅमची मुभा आहे, पण दुकानातून खुली विक्री नाही.

अमेरिकेबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण आपली मुलं तिथे सहज फसू शकतात. कॅलिफोर्नियात किंवा कोलोरॅडोत दुकानातून पावती घेऊन विकत घेतलं म्हणजे कायदेशीर, असं त्यांना वाटतं. ते राज्यापुरतं खरं आहे. व्हिसा देतं ते संघसरकार, आणि संघाच्या कायद्यात ती मुभा नाही. परकीय नागरिकाला हद्दपार करण्याच्या तरतुदीत स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा कमी बाळगल्याच्या एकाच गुन्ह्याला अपवाद आहे. देशात पुन्हा प्रवेश देण्याच्या तरतुदीत तसा आपोआप लागू होणारा अपवाद नाही. म्हणून दिवाळीला घरी येऊन परतणाऱ्या विद्यार्थ्याला विमानतळावर अडवलं जाऊ शकतं, आणि तिथे अधिकाऱ्यासमोर दिलेली नुसती कबुलीही अंगाशी येते.

गॅलरीतल्या कुंडीचं एका ओळीत सांगतो. लागवडीच्या कलमात किलोचा आकडाच नाही, शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

आणि ज्या घरात हे सगळं वाचायची वेळ आली आहे, त्या घराला कलम ६४अ माहीत हवं. व्यसन लागलेल्या व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल, आणि ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. ती मिळवायला आधी वकिलाला सांगावं लागतं, पोलिसांनी ती आपणहून पुढे करायची असते असं नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे.