एक टक्का मोठं लाकडी चाक

साडेतीन इंच अंतराच्या रुळांवर, खऱ्या कोळशावर धावणारं वाफेचं इंजिन घरच्या लेथवर घडवायचं, हा ब्रिटनमधला जुना नाद. त्याला वाहिलेलं ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ सालचं! प्रसिद्ध इंजिनांची ओतीव चाकं विकत मिळतात; पण कुणी फारसं न केलेलं इंजिन निवडलंत, तर आधी सुतारकाम करायचं.

चाकाचा लाकडी पॅटर्न कोरायचा, वाळूत दाबून त्याचा साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. निवताना बीड सुमारे एक टक्का आकसतं. म्हणजे १०० मिलिमीटरच्या चाकाला पॅटर्न १०१चा. वर लेथवर तासायला दोन-तीन मिलिमीटर जादा. कडांना किंचित उतारही हवा. भाताची मूद निमुळत्या वाटीतून अलगद सुटते, सरळ डब्यातून फुटते, वाळूचंही तेच.

बोल्टचं सोपं. या रुळांच्या मापाने सोळापट लहान केलेला एक इंची बोल्ट उरतो १.६ मिलिमीटरचा, आणि १.७ मिलिमीटरचा ‘१० बीए’ स्क्रू तयारच मिळतो.

खरी कसोटी चाकं आसावर बसवताना. डाव्या-उजव्या चाकांवरच्या, दट्ट्याचा जोर घेणाऱ्या क्रँकपिन एकमेकींशी ९० अंशांत ठेवतात, म्हणजे एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडला तरी दुसरा ढकलतो. गंमत अशी, की सगळ्याच आसांवर ८८ अंश झाले तरी इंजिन खुशाल धावतं. एकावर ९० आणि शेजारच्यावर ८८ झाले, की चाकं एकमेकांना जोडणारे दांडे अडतात.